पंधराव्या दिवसाचे दोन थेंब

आडगव्हाणच्या गटारात वैद्यबुवांची स्थापना झाली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सरकारी कागदावर त्या यंत्राचं नाव ‘प्रवाहवेधक, केंद्र क्रमांक ४१७’ असं होतं. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला आडगव्हाणात कोणाला सवड आहे? गटारात बसून गावाची नाडी बघतो तो वैद्यबुवा, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. दुधाच्या कॅनएवढं ते यंत्र दर सहा तासांनी मुख्य गटारातलं तांब्याभर पाणी ओढून घ्यायचं, गाळायचं आणि त्यात कोणकोणते जंतू आहेत ते वाचायचं. अगदी शब्दशः वाचायचं. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याची कुंडली चारच अक्षरांत लिहिलेली असते. वैद्यबुवा ती उलगडायचे आणि पुण्याला, दिल्लीला आणि जिनिव्हाला एकाच वेळी कळवून मोकळे व्हायचे.

एका मंगल कार्यालयातल्या जेवणाने दीडशे लोकांना कावीळ झाली होती आणि मालकाने ते प्रकरण शिताफीने दाबलं होतं. वैद्यबुवांनी चार दिवसांत ते चव्हाट्यावर आणलं. तेव्हापासून गावातली प्रतिष्ठित मंडळी त्या झाकणाजवळून जरा बिचकूनच जात.

या वैद्यबुवांची सेवा रत्नमाला बेडगे यांच्याकडे होती. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. गावातल्या निम्म्या दंडांवर आणि मांड्यांवर त्यांच्या सुया टोचलेल्या होत्या. निवृत्त झाल्यावर जागतिक निर्मूलन आयोगाने त्यांना या कामावर घेतलं. गाळणी धुवायची, खात्रीसाठी बाटलीत नमुना भरायचा आणि फोनवर उमटलेला निकाल वाचून सही करायची. गाव अजून त्यांना सिस्टर म्हणत असे. सिस्टर हातमोजे घालून गटाराशी बसलेल्या बघून बायका हळहळत, पण रत्नमालाबाईंना त्याचं काही वाटत नसे. घरोघर फिरून लोकांची मनधरणी करण्यापेक्षा हे बरं, गटार निदान उलट बोलत नाही, असं त्या म्हणत.

२०४१च्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी गटार उलट बोललं.

रत्नमालाबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. ‘पोलिओ विषाणू, प्रकार दोन.’ त्या हातमोज्यांसकट फुटपाथवर बसल्या. गेल्या अकरा महिन्यांत हा विषाणू जगाच्या पाठीवर कुठेही दिसलेला नव्हता. एप्रिलमध्ये तो संपल्याची घोषणा जिनिव्हात व्हायची होती. देशोदेशीची माणसं तिथे जमणार होती. आणि तो विषाणू आडगव्हाणच्या गटारात वाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आयोगाचे डॉक्टर निरंजन घैसास तीन मदतनिसांना आणि मुठीएवढ्या आकाराच्या डझनभर वेधकांना घेऊन हजर झाले. पंचेचाळिशीचा, मऊ बोलणारा, झोप न झालेला माणूस. मुख्य गटारातून एकेका फाट्यावर, फाट्यावरून गल्लीत, असं चेंबरची झाकणं उघडत ते उलटे चढत गेले. ज्या चेंबरात विषाणू नाही तो फाटा सोडायचा, जिथे आहे तिथे पुढे जायचं. शनिवारी सकाळी ते मानेगल्लीतल्या एका चेंबरपाशी थांबले. पाच घरांचं ते सामाईक चेंबर होतं. त्यातलं तिसरं घर सुवर्णा खोतचं होतं. त्या घरापाशी रत्नमालाबाईंची नजर उगीचच अडली, आणि ती उगीच नाही हे त्यांना अजून स्वतःशी कबूल करायचं नव्हतं.

उपकेंद्रात चहा घेताना घैसासांनी सगळं समजावून सांगितलं. मदतनीस पोरं नवी होती, त्यांच्यासाठीच ते बोलत होते.

“तोंडावाटे देतात त्या पोलिओच्या लशीत जिवंत विषाणू असतो. मारलेला नाही, फक्त दात काढून घेतलेला. बाळाच्या आतड्यात तो वाढतो, शरीर त्याला ओळखतं, अँटिबॉडी तयार करतं आणि महिन्या-दीड महिन्यात त्याला हुसकावून लावतं. लाखो मुलं या थेंबांनी वाचली, यात वाद नाही. पण हजारो-लाखोंत एखादं बाळ असं असतं, की त्याच्या शरीराला अँटिबॉडी नीट तयारच करता येत नाहीत. बाळ बरं दिसतं, खातं-पितं, शाळेत जातं. फक्त सारखं आजारी पडतं. आणि तो विषाणू त्याच्या आतड्यात मुक्काम ठोकून बसतो. वर्षानुवर्षं. तिथे बसल्या बसल्या त्याला हळूहळू नवे दात येतात. त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच होत नाही. होतं ते शेजारच्या लस न घेतलेल्या पोराला.”

“आणि तो किती वर्षं बसलाय ते कसं कळतं?” एका पोराने विचारलं.

“नक्कल करताना चुका होतात ना, तशा. विषाणू स्वतःची नक्कल करतो तेव्हा दर वर्षी त्याची ठराविक अक्षरं चुकतात. मूळ लशीतला विषाणू आपल्याला पाठ आहे. हा त्याच्यापासून किती अक्षरं लांब गेलाय ते मोजायचं आणि भागायचं. हा साधारण पंचवीस वर्षांचा आहे. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे.” घैसासांनी कप खाली ठेवला. “आणि इथे आपलं काम सोपं होतं. प्रकार दोन असलेली जुनी लस एप्रिल २०१६मध्ये जगभरातून मागे घेतली. नवीत हा प्रकारच नव्हता. म्हणजे त्या तारखेनंतर जन्मलेल्या माणसाच्या पोटात हा असणं शक्य नाही. पाच घरांत त्याआधी जन्मलेली अकरा माणसं आहेत. तेवढ्यांचीच तपासणी करायची. कायद्याने बाकीच्यांना हातही लावता येत नाही.”

रत्नमालाबाईंचा चहा तसाच राहिला.

ती तारीख त्यांना विसरणं शक्य नव्हतं. जुन्या लशीची बाटली अन् बाटली मोजून परत करायची होती, ती नष्ट होणार होती. पण तीस घरं फिरून एका बाळाच्या तोंडात दोन थेंब घालणाऱ्या बाईला भरलेली बाटली फेकून दे म्हणणं म्हणजे काय, ते फर्मान काढणाऱ्याला कुठून कळावं? एक थेंबही वाया घालवायचा नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हाडीमाशी भिनलेलं. त्यांनी एक बाटली फुटली असं लिहिलं आणि ती फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवली. वेळ पडली तर असू दे.

वेळ तीन आठवड्यांत पडली. सुवर्णा खोतला मुलगी झाली होती. सुवर्णाचं पहिलं मूल आठव्या महिन्यात न्यूमोनियाने गेलं होतं, आणि टोचल्यामुळेच गेलं असं सासूने तिच्या मनात भरवलं होतं. जन्मानंतरचा पहिला पोलिओ डोस पंधरा दिवसांच्या आत द्यायचा असतो. रत्नमालाबाई तीन वेळा जाऊन हात हलवत परत आल्या. पंधराव्या दिवशी सुवर्णा आपण होऊन उपकेंद्रात आली, बाळ पदराखाली, डोळे रडून सुजलेले. आणि नव्या लशीची गाडी अजून तालुक्यावरून निघालीच नव्हती.

आज परत पाठवली तर ही पुन्हा येणार नाही, एवढंच तेव्हा रत्नमालाबाईंना दिसलं. त्यांनी मागच्या कोपऱ्यातली बाटली काढली. दोन थेंब. रजिस्टरात, आगाऊ कळवलेल्या नव्या बॅचच्या क्रमांकासमोर त्या दिवसाची तारीख टाकली आणि उरलेली बाटली मोरीत ओतली. त्या मुलीचं नाव पुढे तनुजा ठेवलं. तिच्यानंतर कित्येक बाळं आली आणि गेली. पंचवीस वर्षांत त्या बाटलीची आठवण त्यांना फार तर चार-दोन वेळा झाली असेल.

दुपारी त्या नमुन्याचे डबे घेऊन मानेगल्लीत गेल्या. शौचाचा नमुना मागणं हे काही कौतुकाचं काम नाही, पण सिस्टरना गाव सहसा नाही म्हणत नसे. दत्तोबा माने बारा दिवसांपूर्वी वारले होते, बाकी दहा जणांचे डबे मिळायचे होते. खोतांच्या दारात शिरल्या तर समोर तनुजाच पाय पसरून बसलेली, पोट हे एवढं.

“सिस्टरमावशी!” ती उठायला लागली.

“बस, बस. कधी आलीस?”

“तीन आठवडे झाले की. ओटीभरण झालं आणि आलेच. पहिलं बाळंतपण, आई ऐकतीय होय?” तिने रुमालाने कान टिपला.

“अजून वाहतो कान?”

“त्याचं काय घेऊन बसलाय. कान, नाक, खोकला, सगळं माहेरचं हाय, सासरी घेऊन गेले.” तनुजा हसली. मग आठवल्यासारखं म्हणाली, “मावशी, तुम्हाला विचारायचंच होतं. सासरी आमच्या शेजारी शर्वी म्हणून पोरगी आहे, तीन वर्षांची. माझ्याच ताटात जेवायची, माझ्याच हातनं. श्रावणानंतर तिला ताप आला आणि उठली ती डावा पाय ओढतच. डॉक्टर म्हणतो नसेत इंजेक्शन बसलं. असं होतं का हो?”

“तिला लशी दिल्या होत्या?”

“वाडीवर कोण येतंय? आता पोलिओ संपलाच म्हणतात, मग नर्सबाई पण येईनाशा झाल्या.”

रत्नमालाबाईंनी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते त्यांना नंतर आठवेना. आतून सुवर्णा तिचा आणि नवऱ्याचा डबा घेऊन आली. शेवटी आईच ती, “तनूचा नको का?” तिने विचारलं.

“यादीत नाही तिचं नाव,” रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

सोमवारी दुपारी निकाल आले. दहाही माणसं स्वच्छ. घैसासांनी खुर्ची मागे रेलली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसलं. “म्हणजे अकरावे दत्तोबाच. पंचवीस वर्षांपूर्वी नातवाला दिलेल्या डोसमधून त्यांना लागण झाली असणार. किडनीचं दुखणं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. शेवटच्या आजारात विषाणू उसळला. संगणक एक्क्याण्णव टक्के खात्री देतोय. गाळातला अंश अजून महिनाभर दिसेल, मग संपेल. जिनिव्हाची तारीख टळली नाही बेडगेबाई, सुटलो आपण.”

पोरं सामान बांधायला लागली. घैसास लॅपटॉप मिटता मिटता थांबले. “एकच गोष्ट गंमतीची आहे. गेल्या वर्षाची नोंद काढली तर आलेखात या विषाणूची रेघ दोनदा जराशी हललेली आहे. एकदा ऑगस्टच्या मध्यात, एकदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दोन-दोन, तीन-तीन दिवस. मग गप्प. संगणकाने त्रुटी म्हणून गाळली.”

रत्नमालाबाईंनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं. ऑगस्टचं पान उलटलं, नोव्हेंबरचं उलटलं. खरं तर बघायची गरजच नव्हती. जिनिव्हातल्या संगणकाला ती त्रुटी वाटली, पण आडगव्हाणातल्या कुठल्याही बाईने ती रेघ बोट ठेवून वाचली असती. नागपंचमी आणि दिवाळी. लेकी माहेरी येतात ते दिवस. दोन वर्षं वैद्यबुवा गटारात कान लावून बसले होते आणि ती होती बिनगटाराच्या वाडीवर, सासरी. पंचमीला दोन दिवस आली, भाऊबीजेला तीन दिवस आली. आता बाळंतपणाला आली आणि तीन आठवडे राहिली, तेव्हा ती रेघ त्रुटी म्हणून गाळता येईना.

“काय झालं?” घैसासांनी विचारलं.

“काही नाही. तारखा बघत होते.”

गाडी चार वाजता पुण्याला निघाली. रत्नमालाबाई उपकेंद्राच्या पायरीवर बसून राहिल्या. कोणी त्यांना काही विचारणार नव्हतं. तनुजाचा जन्म लस मागे घेण्याच्या तारखेनंतरचा होता, रजिस्टरात नव्या लशीची बॅच होती, दत्तोबा उलटून बोलायला येणार नव्हते. ती बाटली फुटली होती असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. आणि सांगितलं तर? त्या पोरीला काचेआड ठेवतील, बाळाला तिच्याजवळ देणार नाहीत, सासरचे काय म्हणतील देव जाणे. नाही सांगितलं तर बाळ अडीच-तीन आठवड्यांत येईल. आईच्या अंगात अँटिबॉडी नाहीत म्हणजे बाळाला वारशाने मिळायच्या त्याही नाहीत. पहिल्याच दिवसापासून आई त्याला घेईल, न्हाऊमाखू घालेल, दूध पाजेल. शर्वीच्या पायासारखे दोन पाय त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांना स्वतःची लाज वाटली, की एवढं सगळं दिसत असूनही त्या तासभर पायरीवर बसून राहिल्या.

मग त्या उठल्या आणि मानेगल्लीत गेल्या. घैसासांना फोन करण्याआधी. ज्या बाईला आपण तीन खेपा घालून समजावलं होतं तिला दुसऱ्याकडून कळावं, हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

सुवर्णा सोप्यात बसून बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक निवडत होती. रत्नमालाबाईंनी चप्पल काढली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बाटली, फ्रीजचा कोपरा, गाडी आली नव्हती ते, रजिस्टर, नागपंचमी, दिवाळी. सुवर्णाचा हात मध्येच थांबला, पण तिने मान वर केली नाही.

“त्या दिवशी मी इचारलं हुतं तुमास्नी,” ती म्हणाली. “आठवतंय का सिस्टर? मी म्हनलं, बाई, माजं एक गेलंय. हे नवं औषध चांगलं हाय न्हवं? तुमी म्हनला, काही हुत न्हाई. माज्यावर भरवसा ठेव.”

“म्हणाले होते.”

“आनि मी ठेवला.” सुवर्णाने डिंकाचं ताट बाजूला सारलं. “सासूशी भांडून आले हुते त्या दिवशी. तिनं जलमभर मला टोचून खाल्लं त्यापायी. पोरीचं कान वाहायला लागलं, छाती भरायला लागली, परत्येक येळेला म्हातारी म्हनायची, दिलंस न्हवं थेंब? आनि मी तुमची बाजू घेऊन भांडायची.”

“कान, छाती हे त्या थेंबांनी झालं नाही, सुवर्णा. ते तिच्या अंगातलंच आहे, जन्माचं. तुझ्या पहिल्यालाही तेच असणार. पण हा विषाणू तिच्या पोटात मी घातला. ते माझंच.”

“आता काय हुईल?”

बत्तीस वर्षं या प्रश्नाला रत्नमालाबाईंचं एकच उत्तर होतं, आणि ते जिभेवर आलंही. त्यांनी ते गिळलं. “मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “औषध आहे. नवं आहे. काहींना लागू पडतं, काहींना नाही. तिला पुण्याला नेतील, वेगळं ठेवतील. किती दिवस ते सांगता येत नाही. बाळ झाल्यावर लगेच तिच्यापासून लांब ठेवावं लागेल. पण आपण गप्प राहिलो तर बाळाचे पाय जातील. जातीलच असं नाही, पण जाऊ शकतात. तेवढं मला ठाऊक आहे.”

सुवर्णा उठली. आपल्याला मारते की काय असं क्षणभर रत्नमालाबाईंना वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“तनूला तुमी सांगायचं,” ती म्हणाली. “मी न्हाई सांगनार.”

तनुजाने सगळं ऐकून घेतलं. ना रडली, ना बाळाचं विचारलं, ना सासरचं. रुमाल हातात चुरगाळत तिने एवढंच विचारलं, “म्हणजे शर्वी… माझ्यामुळं?”

“तुझ्यामुळे नाही गं,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “माझ्यामुळे.”

रत्नमालाबाईंचा फोन गेला तशी घैसासांची गाडी साताऱ्याच्या अलीकडून वळली. येऊन ते तनुजाशी नीट बोलले, पाच मिनिटांत तिचा नमुना घेतला, दोन तासांत निकाल आला. मग ते बाहेर येऊन रत्नमालाबाईंच्या शेजारी कट्ट्यावर बसले. जिनिव्हाला फोन करायचा होता आणि त्यांना तो करवत नव्हता.

“तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलं नसतं, बाई. कधीच.”

“पंचवीस वर्षं बोलले नव्हतेच की,” रत्नमालाबाई म्हणाल्या.

एप्रिलची घोषणा बेमुदत पुढे गेली. परदेशी वर्तमानपत्रांत ‘एका परिचारिकेची चूक’ असा मथळा झळकला. आडगव्हाणचं नाव तीन प्रकारे चुकीचं लिहिलं गेलं. रत्नमालाबाईंचं काम काढून घेतलं आणि पुण्यात चौकशी लागली. वाडीवर आयोगाची माणसं पोहोचली. शर्वीच्या पायावर आता पट्टे बांधलेले होते आणि तिला आणखी दोन सोबती सापडले होते, एक पाच वर्षांचा, एक दोन वर्षांचा. तनुजाच्या नवऱ्याचा पहिल्या आठवड्यात रोज फोन यायचा, मग एक दिवसाआड, मग येईनासा झाला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तनुजाला मुलगी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घैसासांचा फोन आला. चौकशीसाठी रत्नमालाबाई पुण्यातच बहिणीकडे उतरल्या होत्या.

“बेडगेबाई, येता का जरा? बाळाला इंजेक्शनवाली लस द्यायचीय, मारलेल्या विषाणूची. कालपासून आजी हात लावू देत नाहीयेत. मी समजावलं, इथल्या नर्सने समजावलं. एकच म्हणतात, सिस्टर येऊ द्या.”

रिक्षात बसल्यावर रत्नमालाबाईंना वाटलं, आपल्याला बोलावलंय ते सगळ्यांदेखत तोंडावर बोलायला. बोलू दे. ते तिचं देणं आहे. पण लस नको म्हणून अडून बसली असेल, तर तिला समजवायला आपलं तोंड आता उरलं कुठे?

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर एका बाजूला काचेची खोली होती. आत तनुजा खाटेवर बसली होती, दंडात सलाईन, छातीशी टॉवेल दाबून धरलेला. दूध येत होतं आणि पाजायचं नव्हतं. तिने रत्नमालाबाईंना बघितलं आणि हात वर केला. औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले की तिला सोडणार होते. अजून एकही आला नव्हता.

समोरच्या खोलीत सुवर्णा मांडीवर बाळाला घेऊन बसली होती. शेजारी नर्स हातात ट्रे घेऊन ताटकळत उभी. घैसास दाराशी. रत्नमालाबाई उंबऱ्याच्या आत यायला धजावेनात.

“या,” सुवर्णा म्हणाली. त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

त्या आत आल्या. सुवर्णाने ट्रेमधली छोटी बाटली उचलली आणि त्यांच्यासमोर धरली.

“मला चष्म्याबिगर दिसत न्हाई,” ती म्हणाली, “आनि हितल्या कुणाला मी वळखत न्हाई. तुमाला वळखते. तुमी खोटं कसं बोलता ते बी मला आता ठाऊक हाय. वाचा. मोठ्यानं. समदं वाचा, त्यावर लिवलंय ते.”

रत्नमालाबाईंनी बाटली हातात घेतली. गार होती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. लशीचं नाव वाचलं. मारलेल्या विषाणूची, असं वाचलं. तीनही प्रकार, एक, दोन, तीन. बॅच क्रमांक एकेक आकडा सुटा करून वाचला. बनवल्याची तारीख, संपायची तारीख. किती अंशांवर ठेवायची ते. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी काही गाळलं नाही.

सुवर्णाने बाळाची दुपटी बाजूला केली, एक इवलीशी मांडी उघडी केली आणि ती आपल्या तळहाताने झाकून ठेवली.

“परत वाचा,” ती म्हणाली.